आत्यांचा हरवलेला मंत्र

आमच्याकडे आखाडातल्या पौर्णिमेला, म्हणजे गुरुपौर्णिमेला, कान फुंकत. कान फुंकणं म्हणजे चहाडी करणं नव्हे हो. आमच्या गावाचे एक गुरू होते, त्यांना सगळे महाराज म्हणायचे. ते कर्जतच्या अंगाकडून यायचे, मारुतीच्या देवळात बसायचे, आणि ज्याला गुरू करून घ्यायचा असेल त्याच्या उजव्या कानात मंत्र सांगून वर एक फुंकर घालायचे. झाला तो गुरूचा. मंत्र कोणाला सांगायचा नाही. नवऱ्याने बायकोला नाही, आईने लेकीला नाही. सांगितला की फुटला म्हणत, मडकं फुटावं तसा. आणि मरताना शेवटच्या श्वासाला तोच ओठावर यायला हवा.

ज्याचा कान फुंकलेला नाही तो निगुरा. निगुरीच्या हातचा नैवेद्य गुरूला चालत नसे. मी लग्न होऊन आले ती निगुरीच. माझं माहेर अंबरनाथच्या पलीकडे, तिकडे हे प्रस्थ नव्हतं. सासरी आल्यावर पहिल्याच पौर्णिमेला मला चुलीपासून लांब बसवून अळूची पानं निवडायला दिली. पानं निवडलेली चालायची, शिजवलेली नाही. मी म्हटलं बरंय, धूर तरी लागत नाही.

मी शाळा बघितली नाही. पुढे मुलांच्या पुस्तकांवरून त्यांच्याच बरोबर वाचायला शिकले. तेव्हा हे लिहिणं बोलण्यासारखंच होणार, चालवून घ्या.

सासर जांभूळच्या बाजूला. आम्ही आगरी, घरची भातशेती, नवरा अंबरनाथला कारखान्यात पाळीवर जायचा. कॅम्पाला उल्हासनगर हे नाव पडून थोडीच वर्षं झाली होती, आम्ही आपलं कॅम्पच म्हणायचो. लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधी लोक आलेले. मी आणि सासूबाई डोक्यावर पाट्या घेऊन पायी तिकडे भाजी विकायला जायचो. आमच्या तळ्यात कमळं होती. त्याच्या चिखलातल्या मुळ्या आम्ही कधी गुरांनाही घातल्या नव्हत्या, पण त्या सिंधी बायकांनी बघितल्या आणि पाटीवर तुटूनच पडल्या. आता बाजारात त्याला कमळकाकडी म्हणतात. सासूबाई म्हणायच्या, "बघ, चिखल खपतो यांच्यात." पण मुळ्या काढायला मलाच तळ्यात उतरवायच्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. उंच, काळ्या, कासोटा घट्ट मारलेला, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. महाराजांच्या जेवणाचा मान त्यांच्या चुलीला होता. पौर्णिमेच्या दिवशी गावात दुसऱ्या कोणाच्या घरून पान जायचं नाही. पुरण, अळू, कंटोळ्याची भाजी, तांदळाची खीर, सगळं आत्यांच्या हातचं. हा मान त्यांना त्यांच्या सासूकडून आला होता आणि माझा कान फुंकून झाला की पुढे माझ्याकडे यायचा होता. गुरू करताना एक आवडीची वस्तू सोडावी लागते, तर आत्यांनी सोडला होता जवळा, ती बारीक सुकी मासळी. आमच्यात जवळा सोडणं म्हणजे काय ते आमच्यातल्यालाच कळेल. घरात जवळ्याची चटणी झाली की त्या उठून अंगणात जाऊन बसायच्या.

त्या साली थंडीत म्हातारे महाराज वारले. त्यांचा मुलगा गादीवर बसला. तरणा माणूस, सायकलवरून फिरणारा. त्याने निरोप धाडला की गादीवर बसल्यानंतरची ही पहिली पौर्णिमा आहे, तर जुन्या शिष्यांनी आपापला मंत्र येऊन माझ्या कानात सांगावा, म्हणजे बाबांनी सांभाळलेलं मी पुढे सांभाळीन. नव्यांचे कान मी फुंकीन. माझं नाव आत्यांनी नव्यांत घालून टाकलं.

आणि उन्हाळ्याच्या शेवटी आत्यांना ताप आला.

साधा ताप नव्हता, विषमज्वर. कॅम्पातल्या एका सिंधी डॉक्टरकडून लाल औषधाची बाटली आणलेली, बाटलीला खुणा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली. एक खूण सकाळी, एक दुपारी. मी कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत बसायचे. नवरा पाळीवर, घरात दुसरं कोणी नाही. ताप चढला की आत्या बडबडायच्या. कधी रेड्याला हाका मारायच्या, कधी मेलेल्या नणंदेशी भांडायच्या. आणि मधूनच एकदम शांत आवाजात तेच तेच शब्द म्हणायला लागायच्या. थोडेच शब्द, पुन्हा पुन्हा, माळ ओढल्यासारखे. बोटंही तशीच हलायची.

मला लगेच कळलं हे काय आहे ते. निगुरीच्या कानावर पडतोय म्हणजे फुटला की हो. मी काय करावं? उठून जावं तर डोक्यावरची घडी वाळते. मग मी भांडी वाजवायला लागले. त्यांनी ते सुरू केलं की मी एका हाताने घडी धरायची आणि दुसऱ्या हाताने तांब्या परातीवर आपटायचा. शेजारीण बाहेरून म्हणाली, सासू आजारी आणि ही बघा भांडी आपटतेय, काही लाजलज्जा? तिला काय सांगणार.

पण कान काही बंद होत नाही. रोजच्या रोज तेच. पाळण्याचं गाणं जसं न शिकता येतं तसा तो मंत्र मला येऊन बसला.

ताप उतरला. आत्यांचे केस गळले, अंगावर हाडं राहिली, आणि डावा कान गेला. त्या बाजूने ढोल वाजवला तरी ऐकू येईना. बाकी माणूस वाचलं. हळूहळू काठी धरून अंगणात यायला लागल्या. सकाळी तुळशीपाशी माळ घेऊन बसायच्या, पूर्वीसारख्याच. पण मी सारवताना बघायचे तर मणी पुढे सरकत नसे. एकाच मण्यावर अंगठा, आणि नजर तुळशीच्या बुंध्यात. मी वळले की भराभर मणी ओढायच्या.

त्यात त्यांचा स्वभाव बिघडला. म्हणजे आधी काही मऊ होता असं नाही. पण आता मीठ जास्त झालं, मीठ कमी झालं, रोपाच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब नीट भाजला नव्हता म्हणून रोप पिवळं पडलं, सगळ्याला मी. मला वाटलं आजारपणाचं असेल.

लावणी सुरू झाली. आत्यांना चिखलात उभं राहवत नव्हतं, त्या बांधावर बसून रोपाच्या मुठी बांधायच्या आणि मी खाली लावायचे. एक दिवस मुठी येईनाशा झाल्या. वर बघितलं तर त्या नुसत्याच बसलेल्या, हातात मूठ तशीच. मी बांधाजवळ गेले, म्हटलं चक्कर येते का. त्या म्हणाल्या, "मना माजा मंत्र आठवत नाय गो."

मी तशीच उभी, पिंढरीभर चिखलात.

तापाने पुसून नेला, म्हणाल्या. सुरुवातसुद्धा येत नाही. ज्यांनी दिला ते गेले, आता विचारायचं कोणाला? गुरूचं दान हरवलं म्हणजे मी निगुरीच झाले. पौर्णिमेला पोरगा गादीवर बसून कान पुढे करील तेव्हा त्यात काय सांगू? सगळ्या गावासमोर माझी चूल उठेल. आणि पुढे मरताना काय म्हणू? हे सगळं त्यांनी अगदी हळू सांगितलं. त्यांचा इतका हळू आवाज मी लग्नापासून ऐकला नव्हता.

माझ्या जिभेवर होता तो. तिथल्या तिथे सांगावा असं वाटलं. पण निगुरीच्या तोंडून मंत्र घ्यायचा? आणि मी ऐकला हे कळलं तर तो फुटलाच म्हणायचा, मग त्यांच्या हाती उरलं काय? मी मूठ घेतली आणि लावायला गेले.

नवऱ्याला सांगितलं. मंत्र नाही हं, नुसती हकीकत. तो भाकरी खाता खाता हसला. म्हणाला, मंत्र गेला ना, मग आय आता जवळा खायला मोकळी. मी म्हटलं थट्टा नको, काय करू ते सांगा. म्हणाला, सांगून टाक तिला, त्यात काय? मग जरा विचार करून म्हणाला, "पण बघ हां. कानात मंत्र सांगितलास तर तू तिची गुरू. आतापर्यंत सासू-सुनेचं भांडण सोडवत होतो, आता गुरू-शिष्याचं सोडवू काय?" पुरुषांना बरं असतं. भाकरी संपली की विषयही संपतो.

पौर्णिमा जवळ आली तशा आत्या धडपडायला लागल्या. अजून चालवत नव्हतं, तरी एक दिवस मला म्हणाल्या, मी पण येते कॅम्पात. सबंध वाटेत चार ठिकाणी बसत बसत आल्या. आमची एक नेहमीची गिऱ्हाईक होती, म्हातारी सिंधीण, पांढऱ्या ओढणीची. बराकीत गोणपाटाचा पडदा लावून अर्ध्या भागात राहायची. तिकडे सगळं टाकून आली होती, पण गुरूचा फोटो तेवढा उराशी धरून आणलेला, त्याला रोज फूल. आत्यांना वाटलं असावं, हिला विचारलं तर गावात कळणार नाही. त्यांनी आपल्या हिंदीत आडून आडून विचारलं की समज, तुमच्यात एखादी बाई गुरूने दिलेलं नाव विसरली तर काय करतात.

सिंधीण मुळ्या निवडत होती. तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, "अम्मा, भूलेगी कैसे? हमारे यहाँ तो सब मिलके बोलते हैं, जोर से. कोई भूल गया तो बाजूवाली का सुन लेता है."

आत्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने अंगावरचं लुगडं सोडलं. परत येताना वाटेत म्हणाल्या, मोठ्याने ओरडतात म्हणे, तो मंत्र हाय का बाजार? मग बऱ्याच अंतराने म्हणाल्या, पन बरं हाय त्यांचं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही जात्यावर बसलो. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याच्या वड्यांचं पीठ काढायचं होतं. जातं दोघींनी ओढायचं म्हणजे समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा, खुंट्यावर दोघींचे हात. एरवी आत्या ओव्या म्हणायच्या, त्या दिवशी नुसती घरघर. थोडं दळण झालं आणि त्या म्हणाल्या, उद्या तू जा देवळात, कान फुंकून घे. मी येत नाय. नैवेद्य पाटलाच्या घरून जाऊ दे, मी निरोप धाडते की मना बरं नाय.

मी म्हटलं, पण सगळे विचारतील.

"विचारू दे. खोटी चूल पेटवून गुरूला घास घालू काय?"

आता ही बाई गावभर भांडणारी, दुसऱ्याच्या शेतातून पाणी वळवून वर त्यालाच शिव्या देणारी. पण गुरूच्या पानात खोटं वाढणार नव्हती. मला राहवेना. मी खुंटा धरलेल्याच हाताने पुढे वाकले आणि त्यांच्या कानात सांगून टाकला. डावा कान गेलेला, म्हणून उजव्या कानात. सांगताना आपसूक माझा श्वास लागला असेल कानाला. ते पुढे माझ्या लक्षात आलं, तेव्हा काही नाही.

जातं थांबलं. आत्यांचे ओठ हलले, एकदा, मग पुन्हा. डोळे मिटले होते. मला वाटलं आता पीठ माझ्या तोंडावर येणार.

"कवा ऐकलंस?"

"तुम्ही तापात बडबडत होता."

"आनखी कोन होतं?"

"कोणी नाही."

"मग भांडी कोन आपटत होतं? मना आठवतंय, कोनतरी सारखं भांडी आपटत होतं."

"मीच. ऐकू येऊ नये म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मायेनेही नाही, बाजारात अनोळखी भाजी बघतात तसं. मग खुंट्याला हात घातला आणि जातं असं ओढायला लागल्या की मला आवरेना. दळण उरकलं. त्या उठून आंघोळ करून तुळशीपाशी बसल्या आणि मी पीठ भरताना बघितलं, मणी सरसर पुढे चालला होता.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य आमच्याच चुलीवर झाला. मला अळू निवडायला लांब बसवलं. म्हणजे दुपारपर्यंत तरी मी निगुरीच होते ना.

देवळात गर्दी. पावसाने सगळ्यांचे पाय चिखलाचे, त्यामुळे सभामंडपाचा राडा झालेला. नवे महाराज पाटावर बसले होते, पाय धुऊन गंध लावलेले. पाटाच्या एका बाजूला धोतर आडवं बांधून पडदा केला होता. जुने शिष्य एकेक करून पडद्याआड जायचे, महाराजांच्या कानाशी वाकायचे. धोतर पातळ, आतलं दिसायचं. मी नव्यांच्या ओळीत समोरच होते, बघत होते. पहिल्या एक-दोघांचं महाराजांनी नीट ऐकून घेतलं आणि मान डोलावली. पुढे पुढे समोरचा वाकायच्या आतच मान डोलायला लागली. मी म्हटलं दमले असतील.

आत्या काठी टेकत गेल्या. वाकल्या. महाराजांनी मान डोलावली, तशीच, जराही कमी नाही. आत्या बाहेर आल्या तेव्हा काठी काखेत आणि आवाज पूर्वीचा. बाहेरूनच कोणाला तरी ओरडल्या की नैवेद्यावरचं केळीचं पान सरकलंय, डोळे फुटले काय.

मग माझा नंबर. महाराजांनी विचारलं, काय सोडणार? मी म्हटलं कारलं. मागच्या बायका हसल्या. ते म्हणाले, आवडीचं सोडायचं असतं. मग मी खारवलेल्या कैऱ्या सोडल्या, आजपर्यंत खाल्ल्या नाहीत. त्यांनी माझा पदर थोडा सारला, उजव्या कानाशी वाकले आणि मंत्र सांगितला.

तोच.

शब्दाला शब्द तोच. आधी मला वाटलं माझ्याच डोक्यात वाजतोय. मग वाटलं आत्यांनी पडद्याआड सांगितलेलाच त्यांनी मला दिला असेल. मग ती मान डोलावणं आठवलं आणि सगळं लखकन समजलं. सगळ्या गावाला एकच मंत्र. एकेका घरात चार-चार माणसं एकमेकांपासून तोच मंत्र लपवून झोपत होती. आत्या कोणाही शेजारणीला विचारत्या तर मिळाला असता, पण विचारता येत नव्हतं आणि तिला सांगता येत नव्हतं.

महाराज नेहमीचं बोलले, कोणाला सांगायचा नाही. मी अगदी हळू विचारलं, "आणि कोणाला आधीपासूनच ठाऊक असला तर?"

तरणा माणूस. त्याचे डोळे एकदा पडद्याकडे गेले, जिथून सकाळपासून माणसं येऊन गेली होती. मग माझ्याकडे बघून तेवढ्याच हळू म्हणाला, "तर त्यानंही सांगायचा नाही." आणि फुंकर घातली.

घरी आल्यावर रीत म्हणून मी आत्यांच्या पायाला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, नको. मला वाटलं चिखल लागलाय माझ्या हातांना. पण दसऱ्याला सोनं देऊन वाकले तेव्हाही पाय मागे. दिवाळीच्या पाडव्याला, संक्रांतीला, तेच. बाकी बोलणं-चालणं, ओरडणं सगळं पहिल्यासारखं, फक्त नमस्कार घ्यायचा नाही. गावात बोलायला लागले. विहिरीवर एकीने विचारलंच, काय केलंस गो, सासू पायाला हात पण लावू देत नाही? मी म्हटलं त्यांचे पाय दुखतात.

वर्ष फिरून पौर्णिमा आली. आता मी चुलीपाशी होते, खीर माझ्या हातची. महाराजांचं पान देवळात गेलं, ते जेवल्याचा निरोप आला. मग घरची पानं. आमच्यात आधी पुरुष जेवायचे. नवरा पाळी बदलून घेऊन मुद्दाम घरी थांबला होता, हात धुऊन पाटावर येऊन बसला. आत्यांनी त्याला उठवलं. त्या पाटावर मला बसायला सांगितलं.

"आये, आणि माझं पान?" तो म्हणाला.

"तुझं मागनं."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत्यांकडे. त्याला आपलीच थट्टा आठवली असणार, कारण तो ओसरीवर जाऊन बसला.

आत्यांनी स्वतः वाढलं. पुरण, वर तूप, कंटोळ्याची भाजी. वाढून झाल्यावर पानाच्या कडेला बोटं टेकवून ती डोळ्यांना लावली, डोळ्यात काही गेल्यासारखं. आणि समोर बसून राहिल्या, मी पहिला घास घेईपर्यंत.

मी घास उचलला. म्हटलं सांगून टाकावं. यात माझं काही नाही, सगळ्या गावाला तोच आहे, तुम्ही मला असं मानू नका, मला पाया पडू द्या. मी तोंड उघडलं, "आत्या, तो मंत्र आहे ना, तो..."

"गप," आत्या म्हणाल्या. "मंत्राचं बोलाचं नसतं. जेव."

मी जेवले.